पातं सैल करायची वेळ

हां हां हां — ती हातोडी ठेवा खाली. ठेवा म्हणते ना! अहो हानावा-सान, उदबत्ती लावलीत, ह्यांच्या फोटोपुढे हात जोडलेत, रुमालाने डोळेही टिपलेत — सगळं मनापासून केलंत, बघितलं मी — आणि मी चहा आणायला आत वळले नाही तोच तुमचा हात हातोडीवर? मांजर बरं तुमच्यापेक्षा. नाही नाही, रागावले नाही. रागावले असते तर शेडमध्ये आणलंच नसतं तुम्हाला, बाहेरच्या खोलीत चहा पाजून वाटेला लावलं असतं. बसा. तो स्टूल नको, त्याचा पाय हलतो. दुसऱ्यांची अख्खी घरं उभी केली ह्यांनी, देवळांची छपरं केली, पण घरातल्या स्टुलाच्या पायाला एक पाचर मारायला काही सवड झाली नाही. तिकडे बसा, खोक्यावर. आणि तो आडव्या मांडलेल्या तुळईवरचा रंधा — तो जिथे आहे तिथेच राहायचा. ह्यांनी सोडला तिथे. कुणी हात लावायचा नाही, हे मी त्या दिवशी अँब्युलन्सवाल्यांनाही सांगितलं होतं, ते बिचारे माझ्याकडे बघतच राहिले.

चहा घ्या. तुम्ही आणलेले गोड मांजू फोटोपुढे ठेवले, आता तिथून उचलून आपणच खायचे — ह्यांना तसाही गोडाचा कंटाळा. बरं झालं आलात. यंदा नववर्षाची कार्डं पाठवू नका, घरात सुतक आहे, असं सगळ्यांना कळवलं, आणि सगळ्यांनी ते अगदी मनावर घेतलं हो — कार्ड नाही, फोन नाही, काही नाही. रीतच आहे, रीत पाळली, कुणाला काय म्हणणार? पोस्टमनसुद्धा जानेवारीत आमच्या दारावरून सरळ पुढे जायचा. तुम्ही एकटे आलात. तुम्ही! दर वर्षी रंध्याच्या मेळाव्यात ह्यांच्या मागे दुसरे येणारे तुम्ही — आठवतं ना, त्या वर्षी लाकडाचा सगळ्यात पातळ पापुद्रा कुणाचा बघायला तुमचा मोजायला घेतला आणि तुम्हालाच शिंक आली? — गेला तो उडत, परीक्षकाच्या चष्म्यावर जाऊन चिकटला. आमचे हे कधी हसायचे नाहीत, पण घरी येताना गाडीत एकदम खांदे हलायला लागले, मला वाटलं ह्यांना काय झालं, तर हसत होते. बघा, आता तुम्हीही हसताय.

बघायचाय जवळून? या, बघा. डोळ्याने बघा. हा इथे थांबला रंधा, तुळईच्या मधोमध. मेळावा दोन आठवड्यांवर आला होता, दुपारभर ओढत होते, मला आत आवाज येत होता — तुम्हाला माहीतच आहे, धार चांगली असली की आवाजच नसतो फारसा, रेशमी कापड कुणी हळूच ओढून काढावं तसा. आणि मग तोही बंद झाला. पापुद्रा बघा, अजून पात्याच्या तोंडात आहे, अर्धा निघालेला, अर्धा लाकडातच. तेव्हा सरळ वर उभा होता, काचेसारखा, पलीकडची भिंत दिसत होती त्यातून. आता वाळला, आक्रसला, रंग बदलला. पण सुटला नाही. तुम्ही श्वास जरा बाजूला सोडा. आणि शिंक येत असेल तर बाहेर जा.

हो, दिसली मला. भेग ना? रंध्याच्या लाकडी ठोकळ्याच्या डोक्याकडची. तुमची नजर तिच्यावर गेली तेव्हाच कळलं मला हात हातोडीकडे का गेला ते. हानावा-सान, मी इतकी वर्षं सुताराच्या घरात काढली, मला का कळत नाही? ओक वाळला की आवळतो. मध्ये लोखंडाचं पातं पाचरीसारखं घट्ट बसलेलं, ते काय आवळणार? मग ठोकळाच फुटणार. म्हणून तर रोज काम संपलं की डोक्यावर ठोकून पातं सैल करायचं — रोजच्या रोज, मग बाहेर पाऊस असो नाहीतर घरात पाहुणे. आणि यंदा तर आकागी डोंगरावरून वारा असा सुटलाय, माझे ओठ फुटले, हाताची कातडी फुटली, दाराच्या फटी रुंदावल्या, तिथे ठोकळ्याचं काय. ही भेग नववर्षाला नव्हती. मग एकदा केसाएवढी दिसली. परवा दुपारी मी इथेच बसले होते — बसते मी कधी कधी, म्हणजे रोजच बसते, त्याच खोक्यावर जिथे तुम्ही बसलात — तर 'कट्' असा आवाज झाला. बघितलं तर भेग पुढे सरकलेली. अजून थोडी सरकली की पात्यापर्यंत जाईल, आणि मग दोन तुकडे.

तेच तर म्हणताय ना तुम्ही? भुवया बोलताहेत तुमच्या. की 'मोतेगी-काकू, एवढं कळतं तर मग का नाही ठोकून काढत पातं?'

बरं. सांगते. पण आधी हे ऐका — हा ठोकळा माझ्या माहेरचा आहे. आमच्या अंगणातला ओक, वादळात पडला त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. वडील म्हणाले, जावई सुतार आहे, त्याला लाकूडच देऊ. लोक कपाटं देत होते, किमोनो देत होते, माझ्या वडलांनी ओकचं खोड दिलं! सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आणि ह्यांनी काय केलं? फळ्या करून घराच्या लाकडी जमिनीखालच्या पोकळीत ठेवून दिल्या. मी म्हटलं, काहीतरी करा की त्याचं — तर म्हणे, वाळू दे. मुलगी झाली, ती शाळेत गेली — वाळू दे. मग एक दिवस एक तुकडा काढला आणि हा ठोकळा केला, पातं त्यांच्या उस्तादांकडून आलेलं, आणि मला बोलावून म्हणाले, 'हा तुझा.' एवढंच. मी म्हटलं, मी काय करू रंध्याचं? तर परत हातात घेतला आणि कामाला लागले. असं होतं आमच्याकडे बोलणं.

बोलायचे नाहीत हो. मेळाव्यात तुम्हा लोकांत बसून तरी बोलायचे का? — नाही ना? तेच. दिवसाला चार शब्द, त्यातले दोन लाकडाशी. पण तुम्हाला एक गंमत सांगू का? संध्याकाळी शेवटचा चांगला पापुद्रा निघाला की मला हाक मारायचे. मी पेपर घेऊन यायची, आणि तो पापुद्रा — तुम्हाला माहीत आहे, एकट्या माणसाला तो नीट उचलताच येत नाही, हाताला चिकटतो, वाऱ्याने गुंडाळतो, दोन टोकांना दोन माणसं लागतात — तर ते त्या टोकाला, मी ह्या टोकाला, अलगद पेपरवर पसरायचा, आणि मी त्यातून हवामानाचा रकाना वाचायचा. तो बारीक अक्षरातला असतो ना? न अडखळता वाचता आला तर पापुद्रा चांगला. 'उद्या वायव्येचा वारा, आकाश निरभ्र, डोंगरावर हिमवृष्टी.' मग ते 'हं' म्हणायचे. अडखळले तर मी म्हणायची, 'आज धुकं आहे' — की लगेच दगड काढून पातं पाजळायला बसायचे. तुमचं ते मोजायचं यंत्र नंतर. आधी मी. मिसाओ, आमची मुलगी, लहानपणी विचारायची, आई, तुम्ही दोघं रोज हवामानावरच का बोलता? आता काय सांगणार तिला! रोज बोलायचो एवढं मात्र खरं.

आणि मग ते सगळे पापुद्रे मी गोळा करायची, कापडाच्या पिशवीत भरून न्हाणीच्या गरम पाण्यात टाकायची. अंगाला हिनोकी लाकडाचा वास, देवळात येतो तसा. बाजारात बायका म्हणायच्या, आल्या बघा मोतेगीबाई, देऊळ चालत आलं. आता? आता साबण. मिसाओने पाठवलाय, गुलाबाचा. हसू नका, महाग आहे म्हणे.

ती योकोहामाला असते. दर रविवारी फोन. म्हणते, आई, इकडे ये, लिफ्ट आहे, खाली दुकान आहे, शेड विकून टाक, हत्यारांना चांगली गिऱ्हाइकं मिळतात हल्ली, परदेशातलीसुद्धा. चांगली आहे हो मुलगी, काळजीने बोलते. गेले होते मी राहायला, तेराव्या मजल्यावर. रात्री झोप नाही. वरून कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज, बाजूला कुणाचा तरी टीव्ही — सगळे आवाज दुसऱ्यांचे. इथे एक तरी — नाही, इथेही आता नाहीच. चहा गार झाला तुमचा. ओतू का अजून?

गाडी किती वाजताची? — त्याच्यानंतरची घ्या ना. त्याच्यानंतर असते एक. जेवूनच जा. आमच्याकडच्या रुंद नूडल्स कधी खाल्ल्यात का, घरी लाटलेल्या? पीठ मळून ठेवलंय सकाळी. जरा जास्तच मळलं गेलं. मुळा, गाजर, कांद्याची पात, मिसो घालून सार तयार आहे, फक्त पट्ट्या सोडायच्या. तुम्ही येणार म्हणून नाही हो — म्हणजे, तुम्ही येणार म्हणूनच. खरं सांगायचं तर ऑक्टोबरात हे गेले तेव्हापासून लाटण्याला हात लावला नाही मी. दुकानातला भात आणते प्लास्टिकमधला. का म्हणजे? कारण पट्ट्या सारात कधी सोडायच्या तेच कळत नाही.

थांबा, ऐका. आली ना धून? पाच वाजले. गावात भोंग्यावर वाजवतात, पोरांनी घरी जावं म्हणून. पोरं कुठे राहिलीत ह्या गावात, पण वाजवतात बिचारे. ही धून वाजली की हे अजून एक-दोन हात ओढायचे, आणि मग — ठोकायचे. पातं सैल करायचे. त्यांची एक लकब होती, पटापट दोन, मग जरा थांबून, हाताने पातं चाचपून, एक शेवटचा. टक-टक. आणि मग टक. मी आत स्वयंपाकघरात, दार लावलेलं, मला बाकी काही ऐकू येवो न येवो, ते ऐकू यायचं. पहिल्या दोनांना मी झाकण काढायची, तिसऱ्याला पट्ट्या सोडायची. ते झाडू मारणार, हात धुणार, येऊन बसणार — तोवर बरोब्बर शिजायच्या. आधी सोडल्या तर फुगतात, उशीर केला तर माणूस ताटकळतं. इतकी वर्षं एकदाही चुकलं नाही. ते 'आलो' म्हणायचे नाहीत, 'जेवायला वाढ' म्हणायचे नाहीत, ठोकायचे. मला वाटतं लग्न झाल्यापासून त्यांनी मला सगळ्यात जास्त वेळा म्हटलेली गोष्ट तीच.

त्या दिवशी धून वाजली. मी झाकणावर हात ठेवून उभी. वाट बघितली. मेळावा जवळ आलाय, ओढत असतील अजून, म्हटलं. सार आटायला लागलं, पाणी घातलं. परत उभी राहिले. मग दार उघडून आले तर हे इथे, तुळईला टेकून, खाली बसलेले. दमून बसावं तसे. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेलं सगळं, त्यांना कळलंसुद्धा नसेल. बरं झालं म्हणा. पण ठोकायचं राहिलं हो, हानावा-सान. एवढ्या जन्मात एकदाच राहिलं.

म्हणून नाही ठोकत मी! आता कळलं? भेग दिसते मला. रोज दिसते. परवा तो आवाज झाला तेव्हा मी हातोडी घेतली होती हातात. ठोकता येतं मला, चांगलं येतं, त्यांचा हात दुखायचा तेव्हा मी ठोकून दिलंय. पण रंध्यापाशी उभी राहिले आणि वाटलं, मी ठोकणार तर मग ऐकणार कोण? त्यांच्या ठोकण्याचा आवाज मी कधी इथून ऐकलाच नाही. तो आतून ऐकायचा आवाज आहे. इथे उभं राहून स्वतःच ठोकायचं आणि स्वतःच ऐकायचं — त्यापेक्षा नको. ठेवून दिली. आणि एकदा पातं सैल झालं की झालंच ना सगळं. कसं ओढलं होतं, किती बाहेर ठेवलं होतं, त्यांच्या बोटांनी — ते पुन्हा कुणाला जमायचं नाही. तुम्हाला? तुम्हालाही नाही. खरं ते बोलते. तुम्ही चांगले आहात, पण त्यांच्या मागेच आहात.

पण फुटू तरी कसा देऊ? माझ्या माहेरचं लाकूड आहे. ते मला 'हा तुझा' म्हणाले होते.

एकटं वाटतं हो. इथे तसं सगळं आहे, पेन्शन आहे, शेजारीण भाजी आणून देते, कुणाबद्दल तक्रार नाही. पण पाच वाजले, धून वाजली आणि संपली की त्याच्यानंतर जे काही येतं ना — काहीच येत नाही. मी झाकणापाशी उभी असते. अजून. सार नसलं तरी. रिकाम्या शेगडीपुढे. वेडी म्हणाल तुम्ही. मिसाओला हे सांगितलेलं नाही, तुम्हीही कुणाला सांगू नका.

चहा राहू दे. उठा. हातोडी घ्या.

हो, घ्या म्हणते! मघाशी चोरून घेतलीत, आता सांगतेय तर लाजताय? ऐका मात्र नीट. मी आत जाते. हे मधलं दार लावून घेते. शेगडी लावेन, झाकण ठेवेन. तुम्ही लगेच ठोकू नका, मला जाऊ दे, मी पोहोचले की भांड्याचा आवाज करेन, तो ऐकून ठोका. डोक्यावर, भेगेपासून दूर, हलक्या हाताने — तुम्हाला काय सांगायचं म्हणा. त्यांच्यासारखं ठोकायला जाऊ नका, नकला नकोत मला. तुमचं तुम्ही ठोका. पातं सुटलं की बाजूला ठेवा, तेलाची चिंधी त्या डब्यात आहे. पापुद्र्याला हात लावू नका. तो मोकळा झाला की पडेल तुळईवर, पडू दे. मग या जेवायला. हात तिथे नळावर धुवा, पाणी गार आहे. दोघांच्या पट्ट्या सोडते मी.

आणि परत कधी तरी याल का? तेल लावायला. रंध्याला. — नाही, सहज विचारलं. तुमचं गाव लांब आहे.

चला. जाते मी. जरा थांबा, हे दार अडकतं, वाऱ्याने लाकूड — हं. लागलं.

…ऐकू येतंय का तिकडे? मला येतंय तुमचं खोकणं. शेगडी लावली. उकळलं आहे. झाकण ठेवते — झालं. ठोका आता.

ठोका ना.

…

हं. दोन.

…

आले, आले! सोडते हं पट्ट्या — आधी बाहेर झटका तो डोक्यावरचा भुसा, केसांत घेऊन येऊ नका रोजच्यासारखं, आणि हात कोपरापर्यंत धुवा — आज कसं आहे, धुकं की —

…

नाही. थांबा. दार उघडू नका.

तुम्हाला नव्हतं म्हटलं ते, हानावा-सान. तुम्ही अगदी छान ठोकलंत. ह्यांच्यासारखंच ठोकलंत. मेळाव्यात ऐकलं असेल ना तुम्ही, दर वर्षी शेजारीच तर उभे असायचात — माझ्या लक्षातच आलं नाही.

जेवण राहू द्या. गाडी मिळेल तुम्हाला, धावलात तर आधीचीच मिळेल. नाही, इकडून नको, शेडच्याच दाराने जा. दिवा चालू असू द्या, मी मालवेन. पापुद्रा पडला असेल तर तसाच राहू द्या.

जा हो. आणि दार नीट ओढून घ्या, वारा आत येतो.